पाचारण

तो रुमाल मी धुवायला टाकणारच होते. जेवणावळ उठली होती, मांडववाला खुर्च्या मोजत होता आणि मी सवयीप्रमाणे दिसेल ते फडकं बादलीत टाकत सुटले होते. त्यात एक पांढरा सुती रुमाल हाती आला, मधोमध तेलाचे पिवळट डाग. साबणाच्या पाण्यापासून तो वीतभर अंतरावर असेल, तेवढ्यात नणंद मागून ओरडली, "वहिनी, तो नको!"

त्या दिवशी सकाळी माझा मुलगा धर्मगुरू झाला होता. बिशपांनी त्याच्या तळहातांना तेल लावलं, ते हात या रुमालाने पुसले गेले, आणि सत्काराच्या वेळी त्याने तो घडी घालून माझ्या हातात ठेवला. मग कोणी बघायला मागितला, कोणी डोळ्यांना लावला, आणि या हातातून त्या हातात फिरत तो खरकट्या टेबलावर येऊन पडला. नणंदेने तो माझ्याकडून काढून घेतला, पदराने टिपला आणि म्हणाली, "हा तुमच्यासोबत जायचा आहे."

कुठे, ते तिने नंतर सांगितलं. विधीच्या नव्या पुस्तकात हा रुमाल आता नाही, पण जुनी रीत लोकांनी सोडलेली नाही. धर्मगुरूची आई वारली की हा रुमाल तिच्या हातांना गुंडाळायचा आणि तशीच तिला पुरायची. देवापुढे उभी राहिल्यावर तिने तो दाखवायचा, की बघ, माझा मुलगा तुझा पुरोहित होता.

अडचण एवढीच की मला पुरणार नाहीत. मला जाळणार.

मी आगाशीची, हिंदू वाडवळ. नवरा नंदाखालचा, ख्रिस्ती वाडवळ. सायकलवर फार तर अर्ध्या तासाचं अंतर. दोन्ही घरांत बोली तीच, केळीच्या बागा त्याच, तांदळाची भाकरी तीच, आणि भांडण झाल्यावर गप्प बसायची पद्धतही तीच. वसई पोर्तुगीजांकडे गेली १५३४ मध्ये आणि चिमाजी अप्पांनी ती परत घेतली १७३९ मध्ये. मधल्या काळात कोणाच्या पणजोबाने बाप्तिस्मा घेतला, कोणाच्या नाही घेतला. "आपल्यात अंतर ते किती," नवरा लग्नाआधी म्हणायचा, "दोनशे पाच वर्षांचं." मी शाळेत इतिहासही शिकवायचे, म्हणून हा विनोद मला त्याच्यापेक्षा जास्त आवडायचा.

माझ्या वडिलांना नाही आवडला. १९८९ मध्ये आम्ही विशेष विवाह कायद्याखाली नोटीस दिली. ती तीस दिवस कचेरीच्या फळ्यावर लागते आणि पहिल्या तीन दिवसांत सगळ्या आगाशीने वाचली. त्यानंतर तीन वर्षं वडील माझ्याशी बोलले नाहीत. तिकडे चर्चच्या बाजूनेही कागद होतेच. ख्रिस्ती नसलेल्या मुलीशी लग्न करायचं तर बिशपांची खास परवानगी लागते, आणि कॅथलिक जोडीदाराने लिहून द्यावं लागतं की मुलांना कॅथलिक म्हणून वाढवण्यासाठी मी शक्य ते सगळं करीन. नवऱ्याने सही केली. मी पेन उघडून बसले होते. समोरचे म्हातारे फादर हसून म्हणाले, "बाई, तुमची सही लागत नाही. तुम्हाला फक्त कळवायचं असतं."

बरेच दिवस या वाक्याने माझा पिच्छा सोडला नाही. मला फक्त कळवायचं होतं.

मुलांचे बाप्तिस्मे झाले, आधी मुलीचा, मग मुलाचा. बाहेरच्या खोलीत येशूच्या तसबिरीखाली तांबडा दिवा, आणि स्वयंपाकघरात तांदळाच्या डब्याशेजारी माझा देव्हारा, त्यात आईने दिलेली अन्नपूर्णा आणि बाळकृष्ण. सासूबाई कडक होत्या, पण रोज सकाळी सोनचाफ्याची फुलं तोडून आणायच्या, त्यातली निम्मी मरियामातेपुढे ठेवायच्या आणि निम्मी न बोलता माझ्या ओट्यावर. सासरी चर्चला देऊळच म्हणतात. त्यामुळे रविवारी "देवळात चला रे" अशी हाक आली की मुलं धावायची, आणि लहानपणी काही वर्षं माझ्या मुलाची समजूत अशी होती की देऊळ एकच असतं, फक्त आई आगाशीच्या दारातून आत जाते.

निर्मळ आमच्यापासून फार लांब नाही. तिथे शंकराचार्यांची समाधी आहे, जवळच पवित्र क्रुसाचं चर्च आहे, आणि कार्तिक वद्य एकादशीपासून मोठी जत्रा भरते. तिथे सुकेळी, म्हणजे सुकवलेली केळी, घ्यायला सगळी वसई लोटते, कोणत्याही देवाची. मुलगा आठ वर्षांचा असताना मी त्याला तिथे आदि शंकराचार्यांची गोष्ट सांगितली होती. शंकराला संन्यास घ्यायचा होता, विधवा आई सोडेना. एकदा नदीत मगरीने त्याचा पाय धरला. तो ओरडला, "आई, आता तरी परवानगी दे, म्हणजे ही सोडेल." आईने दिली, मगरीने सोडलं. जाताना त्याने वचन दिलं की तुझ्या शेवटच्या वेळी मी येईन, आणि संन्याशाला मनाई असतानाही त्याने तिला अग्नी दिला.

सुकेळं चघळत त्याने विचारलं होतं, "मगर खरी होती का त्याने बनवली?"

मी शिक्षिका असूनही याचं उत्तर मला देता आलं नाही.

पुढचं सगळं इतक्या हळू घडलं की मी पाहत असूनही पाहिलं नाही. तो वेदीसेवक झाला, म्हणजे उपासनेच्या वेळी फादरना मदत करणारा मुलगा. गल्लीतल्या सगळ्यांचीच मुलं वेदीसेवक होतात. महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी फादर आजारी माणसांच्या घरी ख्रिस्तप्रसाद घेऊन जातात, त्यांच्यासोबत हा मेणबत्ती धरून जायचा. इतर पोरं दुसऱ्या-तिसऱ्या घरानंतर कंटाळून क्रिकेटला पळायची, हा शेवटच्या घरापर्यंत टिकायचा. मला वाटायचं, म्हाताऱ्या याला बिस्किटं देतात म्हणून.

२०११ च्या पावसाळ्यात माझी आई गेली. शेवटचा आठवडा आम्ही पाळीपाळीने आगाशीला जागलो. वडील आधीच गेले होते. भावाला कामं होती, मला शाळा होती, आणि रात्रीची पाळी आपोआप एकोणीस वर्षांच्या या मुलाकडे आली. आईला हरिपाठ ऐकायचा असे. हा रोज रात्री पोथी घेऊन उशाशी बसायचा आणि अडखळत वाचायचा. तिला हसू यायचं इतके त्याचे उच्चार ख्रिस्ती शाळेतले. शेवटच्या रात्री तिला भुईवर घेतलं तेव्हा तिचा हात याच्या हातात होता. मी दारात उभी होते. त्याच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, रडू नव्हतं. होतं ते काय, याला माझ्याकडे तेव्हा शब्द नव्हता.

पुढच्या वर्षी परीक्षा संपल्यावर तो चार दिवसांच्या शिबिराला गेला. पत्रिकेवर शीर्षक होतं "पाचारण". हा शब्द वसईच्या ख्रिस्ती मराठीत रोजचा. देवाने एखाद्याला धर्मगुरू किंवा धर्मभगिनी व्हायला बोलावणं म्हणजे पाचारण. मी मात्र तीस वर्षं मराठीचे पेपर तपासत आलेले. माझ्या डोक्यात हा शब्द आला की पुढे वर्तमानपत्रच यायचं: घटनास्थळी अग्निशमन दलाला पाचारण करण्यात आले.

शिबिराहून आल्यावर दुसऱ्या दिवशी मी नारळ खवत होते. तो येऊन ओट्याला टेकला.

"आई, मला सेमिनरीत जायचंय."

मी हात थांबवला नाही. "मगर कुठाय?" मी विचारलं.

त्याला लगेच कळलं. निर्मळची जत्रा, सुकेळी, सगळं. तो हसला. मी नाही हसले.

मी त्याला विचारलं, कधीपासून. तो म्हणाला, आजीच्या खाटेशी बसायचो तेव्हापासून. जे करायला मी जन्मलो ते हेच, असं तिथे वाटलं, आणि मग ते वाटणं जाईना.

खोटं कशाला बोलू, मला राग आला. माझ्या आईच्या उशाशी, माझ्या घरच्या पोथीतून वाचताना, याला त्यांच्या देवाने हाक मारली? म्हणजे आग आमच्या घरात लागली आणि बंब तिकडचा आला! लोकांना वाटलं, मला दुःख आहे ते धर्माचं. तो धर्माने माझा कधी नव्हताच, ते बाप्तिस्म्याच्या दिवशीच ठरलं होतं. मला लागलं होतं ते वेगळंच. वर्षभर माझ्या घरात हा कोणाचा तरी आवाज ऐकत वावरत होता, आणि मी, जिला त्याच्या खोकल्यावरून ताप कळायचा, मला काही ऐकू आलं नव्हतं.

भाऊ येऊन बोलून गेला. एकुलता एक मुलगा, वंश, म्हातारपण, जे बोलायचं ते सगळं. नवरा, ज्याने सही केली होती, तो तर माझ्याहून जास्त हबकला होता. मुलाने चर्चला जावं एवढंच त्याने लिहून दिलं होतं, तिथेच राहावं असं नव्हे.

मग एक फादर घरी आले. घरची माणसं कशी आहेत हे पाहतात, मुलीच्या घरी स्थळ बघायला येतात तसं. मी चहा दिला आणि सरळ विचारलं, आई हिंदू आहे हे तुम्हाला चालतं का? ते म्हणाले, आता चालतं. १९१७ च्या धर्मसंहितेत ज्याचे आईवडील कॅथलिक नाहीत अशा मुलाच्या दीक्षेआड एक कलम येत असे, वेगळी सूट घ्यावी लागे. १९८३ ची नवी संहिता आली, त्यात ते कलम उरलं नाही.

म्हणजे थोडी आधी जन्मले असते तर मी मगरही होऊ शकले असते. क्षणभर या विचाराने फार बरं वाटलं, हे इथे लिहून ठेवते.

"माझी सही लागते का?" मी विचारलं.

ते जरा घुटमळले. सज्ञान मुलगा आहे, म्हणाले.

पुन्हा फक्त कळवलं.

आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली ती माझ्या कामी आली. मी सगळ्याला संन्यास समजत होते. तसं नसतं. धर्मसंघांमधले फादर दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन अशी तीन व्रतं घेतात. धर्मप्रांताचे जे फादर असतात, आपल्या गावातल्या देवळात दिसतात ते, ब्रह्मचर्याचं आणि बिशपांच्या आज्ञेत राहण्याचं वचन देतात. दारिद्र्याचं व्रत त्यांना नसतं. त्यांचं बँकेत खातं असतं, स्कूटर असते, आई आजारी पडली तर येता येतं. वसईचा धर्मप्रांत १९९८ मध्ये मुंबईपासून वेगळा झाला, तेव्हा बदली झाली तरी फार लांब नाही. रात्री मी हे सगळं मुलीला फोनवर एखाद्या सरकारी नोकरीच्या अटी सांगाव्या तसं सांगितलं.

गोरेगाव पूर्वेची सेमिनरी. वसई रोडहून धीम्या लोकलने मी भेटीच्या रविवारी जायची, मांडीवर डबा. आधी तत्त्वज्ञान, मग ईश्वरविज्ञान, मध्ये एक वर्ष बाहेर काम. पदवी घेऊन गेलेल्यालाही नऊ-दहा वर्षं सहज लागतात. डॉक्टर लवकर होतो. तिथे एका रविवारी प्रवचनात बायबलमधल्या शमुवेलाची गोष्ट ऐकली. त्याच्या आईने, हन्नाने, मूल झालं तर देवाला देईन असा नवस केला आणि दूध सुटल्यावर पोराला मंदिरात नेऊन सोडलं. फादर शमुवेलाला रात्री ऐकू आलेल्या हाकेबद्दल बोलत राहिले. मी अडकले अलीकडच्याच एका ओळीत, की ती आई दरवर्षी त्याच्यासाठी एक लहानसा झगा शिवून न्यायची. म्हणजे मूल दिलं, पण माप घेणं सोडलं नाही. माझ्या मांडीवर तेव्हा कोलंबीचं कालवण होतं.

शंकराच्या आईला फसवलं गेलं. हन्नाने आपण होऊन दिलं. मला दोन्हींत बसता येईना.

पाचव्या वर्षी तो बॅग घेऊन घरी आला. काही दिवस विचार करायला सांगितलंय, एवढंच म्हणाला. नवरा काळजीत पडला. मी मात्र, आता सांगायला हरकत नाही, आनंदाने वेडी झाले. बाजार केला, सुरमई आणली, त्याच्या खोलीची चादर बदलली, मनातल्या मनात एका ओळखीच्या घरच्या मुलीपर्यंतही जाऊन आले. तो पानावर बसायचा, चिवडायचा, उठायचा. दहा-अकरा दिवस हेच. टीव्ही बघायचा पण बघायचा नाही.

बाराव्या रात्री अकराच्या सुमारास मागच्या वाडीतला मुलगा बोलवायला आला. त्याचे आजोबा अत्यवस्थ होते. घर हिंदूंचं, फादरना बोलवण्याचा प्रश्न नव्हता. पण लहानपणी हा त्या म्हाताऱ्याला पेपर वाचून दाखवायचा, म्हणून त्याची आठवण निघाली होती. हा लेंग्यावरच गेला. पहाटे साडेपाचला परत आला, विहिरीवर आंघोळ केली आणि म्हणाला, "आई, भूक लागलीय."

मी तवा ठेवला. एक भाकरी थापली, ती त्याने रात्रीच्या कालवणाशी खाल्ली. दुसरी थापली. तीही. तिसरी तव्यावर फुगत असताना मी त्याच्याकडे बघितलं, आणि मला माझ्या आईच्या खोलीचं दार आठवलं. तोच चेहरा होता. त्या वेळी शब्द सापडला नव्हता, तो तेव्हा सापडला, अगदीच साधा: हा माणूस कामावरून आला होता.

तिसरी भाकरी त्याच्या पानात टाकून मी म्हटलं, "बॅग भर."

तो काही बोलला नाही. मी चूल बंद केली आणि देव्हाऱ्याकडे पाठ करून बराच वेळ भांडी घासत बसले. अन्नपूर्णेशी मी त्या दिवशी बोलले नाही.

भाऊ वळला तो वेगळ्याच वाटेने. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादच्या त्र्याण्णवाव्या साहित्य संमेलनाला फादर फ्रान्सिस दिब्रिटो अध्यक्ष झाले. वसईचा धर्मगुरू, हरित वसईसाठी रस्त्यावर उतरलेला, आणि मराठीच्या सर्वांत मोठ्या व्यासपीठावर. रात्री भावाचा फोन आला. "तुमच्यातला माणूस अध्यक्ष झाला," म्हणाला. "तुमच्यातला" म्हणजे कोणातला हे मी विचारलं नाही. "आपला तो कधी होणार फादर?" त्याने पुढे विचारलं. "आपला" हा शब्द मी ऐकला, आणि भावाला कळू दिलं नाही की ऐकला.

दीक्षेच्या विधीत एक वेळ येते तेव्हा उमेदवार वेदीपुढे जमिनीवर पालथा, पूर्ण आडवा होतो आणि सगळी सभा संतांची नावं घेऊन प्रार्थना करते. आमच्याकडे त्यात संत गोन्सालो गार्सिया येतातच. वसईत जन्मलेले, १५९७ मध्ये नागासाकीला क्रुसावर मारले गेलेले. शेजारच्या बायका म्हणाल्या, किती सुंदर दृश्य. मला सुंदर वाटलं नाही. पांढऱ्या वस्त्रात फरशीवर निश्चल पडलेलं आपलं मूल कोणत्या आईला सुंदर वाटेल? आमच्यात माणसाला भुईवर घेतात ते एकाच वेळी. मी नवऱ्याचं मनगट धरलं, ते थंडगार होतं.

मग तो उठला. बिशपांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवले, त्यांच्यामागे रांगेने सगळ्या फादरांनी, आणि हे सगळं एक शब्द न उच्चारता. एवढ्या मोठ्या गर्दीत इतकी शांतता मी वसईत कधी ऐकलेली नाही, शेवटी एक बाळ रडलं तेव्हा सगळ्यांनी श्वास सोडला. मग तेल. ऑलिव्हचं, त्यात सुगंधी राळ. बिशप ते तळहातांवर चोळत होते, आणि मला आठवत होतं याची टाळू भरताना मी किती तेल जिरवायची ते.

दुसऱ्या दिवशी गावात त्याचं पहिलं मिस्साबलिदान, म्हणजे वेदीवरची मुख्य उपासना, होतं. बॅण्ड, पताका, सगळं. ख्रिस्तप्रसादाची वेळ आली. बाक रिकामे होत गेले. नवरा गेला, मुलगी गेली, नणंद गेली. भाऊ आणि भावजय पाहुण्यांसारखे मागे बसले होते. पहिल्या बाकावर मी एकटी उरले. बाप्तिस्मा न झालेल्याने ख्रिस्तप्रसाद घ्यायचा नसतो, हे मला १९८९ पासून ठाऊक आहे. इतक्या वर्षांत त्याचं कधी वाईट वाटलं नव्हतं, दुसऱ्याच्या घरचा नियम तो. पण वाढणारा माझा मुलगा होता. ज्याला मी पहिला घास भरवला त्याच्या हातून साऱ्या गावाने खाल्लं, आणि मी बाकावर बसून पदराचं टोक गुंडाळत होते. हे कोणाच्या चुकीचं नाही. लागायचं ते लागलं.

शेवटी नव्या फादरांचा पहिला आशीर्वाद आईवडिलांना. आम्ही पुढे गेलो. त्याने आधी आमच्या डोक्यांवर हात ठेवले, आणि मग झग्यासकट वाकून माझ्या पायांना हात लावला. संन्यासी कोणापुढे वाकत नाही, फक्त आईपुढे वाकतो असं आमच्यात म्हणतात. हा संन्यासी नव्हे, ते मला आता माहीत आहे. सभेत कुजबुज झाली. दोन्हीकडच्या माणसांत झाली, हे विशेष.

रुमाल माझ्या कपाटात आहे, शालूच्या घडीत. मागच्या महिन्यात तो घरी आला तेव्हा मी विषय काढला. सध्या त्याची नेमणूक दोन स्टेशनं पलीकडे आहे. मला अग्नी मुलगी देणार, ते तिने आणि मी केव्हाच ठरवलंय, त्यावर वाद नाही. तू ये म्हणजे झालं, मी म्हटलं. शंकर आला होता. "येणारच," तो म्हणाला. मग मी रुमाल बाहेर काढून ओट्यावर ठेवला. याचं काय करायचं? तुमची रीत पुरायची आहे. मी तर स्मशानात जाणार.

तो भाजी निवडत होता. मेथीची काडी मोडून त्याने बाजूला ठेवली.

"आमच्यात पवित्र वस्तू निकामी झाली की कचऱ्यात टाकत नाहीत," तो म्हणाला. "झावळ्यांच्या रविवारच्या झावळ्या, फाटलेली वेदीवस्त्रं, असं सगळं. पुरायचं, नाहीतर जाळायचं. दोन्ही चालतं."

"बिशपांना विचारलंस?"

"नियमच आहे आई. विचारायचं काय त्यात?"

मी रुमाल उचलून नाकाशी धरला. तेलाचा वास अजून आहे, पण त्यावर डांबराच्या गोळ्यांचा वास चढलाय. संध्याकाळी तो गेल्यावर मी कपाटातल्या सगळ्या गोळ्या वेचून काढल्या आणि त्यांच्या जागी सोनचाफ्याची वाळलेली फुलं ठेवली. शालूला कसर लागली तर लागू दे.